खरवडलेला नंबर

१

खोकं उघडलं तेव्हा टेबलाभोवती आम्ही तिघं होतो. कारखान्याची मालकीण हॅरिएट नायगार्ड, वादीचा वकील ब्रेंट पिकरेल, आणि विमा कंपनीतर्फे चौकशी करणारी मी, डोरीन पाश. तिघांनाही दुसरीकडे कुठेतरी असायला आवडलं असतं. पिकरेलने तसं बोलूनही दाखवलं.

खोक्यात एक मचाण होतं. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात हरणाची शिकार उघडली की शाळा, बँक आणि लग्नं बंद पडतात, आणि पुरुषमंडळी पहाटे झाडावर चढून बसतात. बसायला लोखंडी बैठक लागते, ती पट्ट्याने खोडाला आवळतात. ब्लॅक अ‍ॅश गावात हॅरिएटचा कारखाना हीच मचाणं बनवतो. गेल्या नोव्हेंबरात लायल सोबॉटा नावाचा गृहस्थ अशा एका मचाणासकट खाली आला आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. आता मार्च होता, बर्फाचा चिखल झाला होता, आणि लायलने कारखान्यावर दावा लावला होता.

मचाणावर इशाऱ्यांचे इतके स्टिकर होते की खालचं लोखंड शोधावं लागत होतं. उडी मारू नये. झोपू नये. मद्यपान करून चढू नये. झाडाखेरीज कशालाही बांधू नये. हा शेवटचा एका सद्गृहस्थाने मचाण विजेच्या खांबाला बांधल्यावर आला. प्रत्येक स्टिकरमागे कुणीतरी एक माणूस आहे आणि त्याच्यामागे कुणीतरी एक पिकरेल.

"पट्टा बघा," पिकरेल म्हणाला. "एका महिन्यात तुटला."

"एका महिन्यात असा फिकट पडतो होय?" हॅरिएट म्हणाली. ती सत्तरीची, ठेंगणी, आणि नवरा गेल्यापासून कारखाना एकटी ओढत होती.

"अपघातानंतर हिवाळाभर अंगणात पडून होता. ऊन, बर्फ. माझ्या अशिलाचा काय दोष?"

मी मचाण उलटं केलं. बैठकीखाली प्रत्येक मचाणाला नंबर ठोकलेला असतो. मचाण कधी बनलं, कुणाला विकलं, सगळं त्यावरून कळतं. त्या जागी नंबर नव्हता. कुणीतरी तो घासून सपाट केला होता.

पिकरेलने खांदे उडवले. "माझ्याकडे असंच आलं."

तो गेल्यावर हॅरिएटने त्या सपाट जागेवरून अंगठा फिरवला, मग चष्मा लावून पुन्हा फिरवला, आणि खुर्चीत बसली.

"डोरीन, अगं, नंबर घासल्यावर वरून रंग लावलाय."

"मग?"

"हा हिरवा बाजारात मिळत नाही. माझ्या नवऱ्याने स्वतः मिसळून ठरवलेला. हा डबा फक्त इथे असतो. या इमारतीत."

२

माझा साहेब ग्रेग फोनवर नेहमी जेवत असतो.

"शुक्रवारपर्यंत बघ," तो म्हणाला. "नाहीतर तडजोड करून टाकू. लढण्यापेक्षा देणं स्वस्त पडतं."

"आणि तडजोड झाली की हॅरिएटचा विमा पुढच्या वर्षी नाही."

"साहजिकच आहे."

"आणि विमा नाही तर एकही दुकान तिचं मचाण ठेवणार नाही. कारखाना बंद."

"डोरीन, तू दर वेळी हे असं सांगतेस की जणू मीच तिला झाडावरून ढकललं."

त्याचं चुकत नव्हतं. वीस-बावीस वर्षं मी हेच काम करते आहे, आणि दोषी माणूस मला अजून भेटायचा आहे. शिडी घसरते, कॉफी गरम असते, बर्फ काढायच्या यंत्रात हात आपला आपण जातो. माणूस मात्र नेहमी तिथे नुसता उभा असतो.

सोबॉटांचं घर गावाबाहेर होतं. लायल भाड्याच्या आरामखुर्चीत होता. इतका उंच माणूस की पाय खुर्चीतून बाहेर येऊन समोरच्या टीव्हीपर्यंत गेले होते. त्याची बायको मार्लिस हिने न विचारताच कॉफी आणि दालचिनीचा केक माझ्यापुढे ठेवला. ज्याच्या विरुद्ध आलोय त्याच्याच घरचा केक खायचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

"मचाण नवं होतं," लायल म्हणाला. "ऑक्टोबरात कारखान्याच्याच दुकानातून घेतलं. पावती आहे."

"मी बघितली. हार्नेस घातला होता?"

"कसला?"

"खोक्यात येतो. अंगात घालायचा. घातला तर माणूस लोंबकळतो, पण पडत नाही."

"माझ्या बापाने जन्मात कधी घातला नाही."

"वडील आहेत?"

"गेले. पडून." तो थोडा थांबला. "जिन्यावरून."

मार्लिस सिंककडे तोंड करून म्हणाली, "हार्नेस तळघरात आहे. पिशवी फोडलेली नाही. पुढच्या वर्षी त्याने होडी ओढणार आहेत साहेब."

"मार्लिस!"

"बाई विचारतायत, मी सांगतेय."

"नंबर कुणी घासला, लायल?"

त्याचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मी पुष्कळ खोटी आश्चर्यं बघितली आहेत. हे तसं नव्हतं.

"कसला नंबर?" तो म्हणाला. "मी तर पडल्यापासून ते मचाण बघितलंही नाही. कर्टिसने झाडाखालून उचलून आणलं."

कर्टिस म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ. आणि तो काम करत होता हॅरिएटच्या कारखान्यात. रंगखात्यात.

३

कर्टिस बाउमन उंचीला माझ्या खांद्याएवढा. हातात ब्रश, आणि समोर मचाणांची ओळ. वाहतुकीत ओरखडे पडतात, ते तो रंगवत होता. बोलताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, लोखंडाकडे बघत राहिला.

"रविवार होता," तो म्हणाला. "मी चर्चमध्ये होतो. मार्लिसचा फोन आला, लायल पडला म्हणून. आम्ही गेलो, उचलला, इस्पितळात नेला. दुसऱ्या दिवशी मी मचाण उचलून आणलं."

"कुठल्या झाडावर होतं?"

"दलदलीजवळचा ओक."

"तुमचं स्वतःचं मचाण कुठे असतं, कर्टिस?"

ब्रश थांबला. "यंदा लावलंच नाही."

"तुम्ही? शिकारीला गेला नाहीत?"

"पाठ दुखत होती."

आमच्याकडे पाठ दुखते म्हणून शिकार सोडणारा माणूस म्हणजे जेवण जड होतं म्हणून श्वास घेणं सोडणारा माणूस. 

"दाव्याबद्दल काय वाटतं तुम्हाला? दावा लागला तर हा कारखाना जाईल. तुमचीही नोकरी."

"मी काय करणार? माझा काय संबंध? दोन मोठी माणसं कोर्टात भांडतायत, मधे मी कोण?"

मी निघाले, तर तो माझ्या मागोमाग अंगणात आला. मला वाटलं, आता काहीतरी सांगतोय.

"तुमच्या गाडीच्या दाराला ओरखडा आहे," तो म्हणाला. "लोखंड उघडं पडलंय. गंज धरेल." आणि खिशातून छोटी बाटली काढून त्याने तो मन लावून बुजवला. माझी गाडी निळी आहे. दारावर आता शेवाळी हिरवा ठिपका आहे.

त्या ठिपक्याकडे बघत मी गाडीत बसले होते तेवढ्यात पिकरेलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"त्या घासलेल्या जागेवर कारखान्याचाच रंग आहे, हे तुम्ही मला सांगायला विसरलात, बाई. माझ्या तज्ज्ञाने ओळखला. चित्र स्वच्छ आहे. कारखान्याला माहीत होतं की पट्टे खराब आहेत. म्हणून नंबर घासून माल बाजारात सोडला. आता तडजोडीचा आकडा बदलेल."

"वरच्या बाजूला?"

"बाई, खालच्या बाजूला मी कधी गेलेलो नाही."

४

दुसऱ्या दिवशी मी मार्लिसला फोन केला आणि झाड बघायचं आहे म्हटलं. खरं तर आधी पिकरेलला कळवायला हवं होतं. आम्ही दोघींनी ते विसरायचं ठरवलं.

"मला हा दावा नकोच होता," तिने चिखलातून चालताना सांगितलं. "मागच्या शुक्रवारी मासे खायला क्लबात गेलो. आम्ही बसलो आणि शेजारच्या टेबलावरची माणसं उठली. कुणी काही बोललं नाही. नुसती उठली, ताटं घेऊन. बत्तीस वर्षं मी त्या बायकांबरोबर चर्चमध्ये पाई विकतेय."

"मग लायलला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तो म्हणाला, आता वकील ऐकत नाही. जणू वकील हा आजार आहे, आपोआप बरा होईल."

ओक जुना होता. जिथे पट्टा आवळलेला होता तिथे सालीत खोल खाच पडली होती, आणि खाचेच्या वरखाली साल फुगून ओठांसारखी बाहेर आली होती. मी खाचेत बोट घातलं, ते पेरापर्यंत आत गेलं.

"मार्लिस, झाड एका महिन्यात एवढं वाढतं?"

तिने खाचेत स्वतःचं बोट घालून बघितलं.

खोडात चढायच्या लोखंडी पायऱ्या अजून तशाच होत्या, स्क्रूसारख्या पिळून बसवलेल्या. मी पहिलीवर पाय ठेवला, मग दुसरीवर. मी काही उंच नाही, तरी गुडघे पोटाला लागले. इतक्या जवळजवळ.

"तुझा नवरा या पायऱ्यांवर चढला तर कसा दिसेल?"

"बेडकासारखा," मार्लिस म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "या त्याने लावलेल्या नाहीत."

"त्याचं झाड कुठलं? नेहमीचं?"

तिने दलदलीच्या पलीकडे बोट दाखवलं. आम्ही तशाच निघालो. बूट प्रत्येक पावलाला चिखलात राहायचं म्हणत होते. वळणावर मार्लिस एकदम थांबली.

मेपलच्या खोडावर, लांब लांब लावलेल्या पायऱ्यांच्या टोकाला, एक मचाण लटकत होतं. कोरं. पट्ट्यांची चमकही गेलेली नव्हती, स्टिकर वाचता येत होते, आणि खालून बघितलं तर बैठकीखाली नंबरही होता, अगदी ठळक. पावतीवरचाच.

"हिवाळाभर इथेच होतं," मी म्हटलं. "कंबर मोडलेल्या माणसाला चढता येत नाही. आणि दुसऱ्या कुणाला काढायला सांगावं, तर तो विचारेल, मग पडलास तो कुठून?"

मार्लिसने वर बघितलं.

"मेला," ती म्हणाली. एवढंच.

५

शुक्रवारी दुपारी तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. लायल वॉकर घेऊन खुर्चीत, कर्टिस फ्रिजला टेकून, हॅरिएट अंगातला कोट न काढता. कॉफी होती. केक नव्हता, त्यावरूनच दोघा पुरुषांनी काय ते ओळखायला हवं होतं.

"ग्रेगला पाचपर्यंत उत्तर हवंय," मी म्हटलं. "म्हणून मी एकदाच बोलते. मेपलवर लायलचं नवं मचाण आहे. पट्टे शाबूत आहेत. त्यामुळे तो पडला ते मचाण दुसरं. ते ओकवर वर्षानुवर्षं होतं, झाडाने पट्टा गिळायला सुरुवात केली होती. पट्टा वर्षानुवर्षं उन्हापावसात ठेवू नका, हंगाम संपला की काढा, असं हॅरिएट स्टिकरवर लिहिते. तो स्टिकर कुणी वाचत नाही. पायऱ्या बुटक्या माणसाने लावलेल्या होत्या."

कर्टिस फ्रिजच्या मुठीकडे बघत होता.

"नंबर कुणी घासला? लायल नाही, तो अंथरुणात होता. त्याला माहीतही नव्हतं. वकील नाही. नंबर नसलेलं मचाण त्यालाच अडचणीचं, पावतीशी जुळवता येत नाही. रंग कळल्यावर त्याला त्याचा उपयोग सुचला, ते नंतर. हॅरिएट नाही. नंबर राहिला असता तर हे मचाण जुनं आहे, लायलचं नव्हेच, हे एका मिनिटात कळलं असतं आणि ती सुटली असती. ज्याला तो नंबर नको होता, असा एकच माणूस उरतो. ज्याच्या नावावर तो होता."

"शिवाय," हॅरिएट हळूच म्हणाली, "खोटेपणा करायला बसलेला माणूस कधी उघड्या लोखंडाला रंग लावत बसतो का? कर्टिस, अरे बाबा. घासलंस तर घासलंस. रंग कशाला लावलास?"

कर्टिसचे कान लाल झाले. "गंजलं असतं," तो म्हणाला.



"मला वाटलं, लायल माझ्यावर दावा लावेल," तो पुढे म्हणाला. "पट्टा मीच तसा ठेवला होता, तीन हिवाळे. काढायचा काढायचा म्हणत राहिलो. घर माझ्या नावावर आहे. मला वाटलं, घर जाईल. म्हणून नंबर घालवला. तेव्हा दावाबिवा नव्हता. कारखान्यावर जाईल असं डोक्यातही नव्हतं."

"आणि गेल्यावर?" मार्लिसने विचारलं.

"गेल्यावर मी काय बोलणार?"

"तोंडाने बोलायचं, कर्टिस. सगळे तसंच बोलतात."

"त्याला विचार ना! तो बसला होता माझ्या मचाणावर, न विचारता!"

हे वाक्य खोलीत पडलं, आणि मी लायलकडे बघितलं. माणसाने खोटी साक्ष दिली, खोटा दावा लावला, बाईचा कारखाना बुडवायला काढला, आणि या सगळ्यात त्याची मान ताठ होती. ती आत्ता खाली गेली. आमच्याकडे दुसऱ्याच्या मचाणावर बसणं हे दुसऱ्याच्या बिछान्यात सापडण्याच्या जरा वरचं. बिछान्याचं लोक कालांतराने विसरतात.

"इस्पितळात कुणी विचारलं पहिल्यांदा?" मी विचारलं. "काय तुटलं म्हणून?"

"मीच," मार्लिस म्हणाली.

"तेव्हा कर्टिस तिथे होता?"

"खाटेच्या पायथ्याशी उभा. टोपी हातात घेऊन."

"मग लायल काय म्हणाला?"

"म्हणाला, माझं नवं मचाण." ती थांबली. "आणि कर्टिस काहीच बोलला नाही."

"बस्स, तिथेच सगळं झालं. एकाला कबूल करायचं नव्हतं की तो कुठे बसला, दुसऱ्याला कबूल करायचं नव्हतं की ते कुणाचं. दोघांनाही सगळं माहीत. एक अक्षर न बोलता दोघांचं एकमत झालं, आणि तिथे नसलेल्या माणसावर सगळं ढकललं. नंतर इस्पितळाचा फोन आला, नवं मचाण कुठल्या कंपनीचं, मग पिकरेलचं पत्र आलं. नाही म्हणायला प्रत्येक वेळी उशीर झालेला होता."

६

मी कागद काढला. दावा मागे घेतल्याचा. त्यात कारण लिहायला एक ओळ असते.

"कारण लिहायलाच हवं?" लायलने विचारलं.

"नुसतं मागे घेतलात तर ग्रेगच्या दफ्तरात हॅरिएटच्या नावापुढे दावा तसाच राहतो. तिचा विमा तरीही जाईल. मचाण तिच्याकडचं जुनं, दुसऱ्याचं, निष्काळजीपणे ठेवलेलं होतं, आणि तुम्ही न विचारता त्यावर बसलात, एवढं लागेल."

"म्हणजे ते गावात कळेल."

"हो."

"क्लबात."

"सगळ्यात आधी क्लबात."

घड्याळ फ्रिजच्या वर होतं आणि सगळे तिकडे बघणं टाळत होते. हॅरिएटने त्याला विनवलं नाही. ती बसून राहिली, पर्स मांडीवर, दाताच्या डॉक्टरकडे बसावी तशी. मला एक क्षण वाटलं की हा माणूस नाहीच लिहिणार. कमरेचं हाड दिलं, बायकोचा मान दिला, हे मात्र देणार नाही.

"ओकखालून हरणांची रोजची वाट जाते," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "माझ्या मेपलवरून काही दिसत नाही. कधीच दिसलं नाही. रविवार होता, तो चर्चला जाणार हे मला माहीत होतं. म्हटलं, तासभर बसू, कुणाला कळतंय." त्याने कर्टिसकडे बघितलं. "मी तुझ्या मचाणावर बसलो होतो. न विचारता. चूक माझी."

कर्टिसने टोपी काढली, पुन्हा घातली.

"पट्टा माझा होता," तो म्हणाला. "काढायला हवा होता. लिहा तेही. माझं नाव घाला."

लायलने लिहिलं. हात मोठा, अक्षर लहान मुलाचं. कर्टिसने खाली सही केली. मी फोटो काढून ग्रेगला पाठवला आणि फोन केला. तो जेवत होता. पिकरेललाही कळवलं. तो फार दुखावला. म्हणाला, माझ्या अशिलाने माझा विश्वासघात केला, याची जबाबदारी कोण घेणार?

मार्लिसने कपाटातून केक काढला. तो होताच.

"पडलास कसा पण?" कर्टिसने विचारलं. आवाज अजून कडक होता. "पट्टा जुना होता तरी मी आदल्या दिवशी चार तास बसलो होतो त्यावर. तुटला नाही."

"उभा राहिलो."

"कशाला?"

लायल घुटमळला. "नर आला होता. ओकखाली. शिंगं ही अशी." त्याने दोन्ही हात पसरले, आणि खुर्ची करकरली.

कर्टिसने खुर्ची ओढली आणि बसला. "कुठून आला?"

"दलदलीतून. तुझ्या डाव्या हाताकडून."

"सात वर्षं बसतोय तिथे. मला एकदाही आला नाही."

"माझ्याकडेच बघत होता. मी पडल्यावरसुद्धा गेला नाही लगेच."

ग्रेगचा निरोप आला. मी वाचला आणि हॅरिएटच्या खांद्याला हात लावला. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर आलो. आत दोघं मेहुणे आता टेबलावर चमच्यांनी दलदल मांडत होते.

"विमा चालू राहतोय," मी म्हटलं. "तुमच्या नावापुढे काही राहिलेलं नाही."

"म्हणजे कारखाना बंद करावा लागणार नाही."

"नाही."

ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली चिखलात आमच्या दोघींच्या गाड्या रुतल्या होत्या, तिची जरा जास्त.

"आठवडाभर मनाची तयारी करत होते," ती म्हणाली. "बहिणीला ॲरिझोनाला फोनही करून ठेवला. म्हटलं, जातंय तर जाऊ दे, आता उन्हात बसू, पायावर शाल घेऊन." तिने कोटाची बटणं लावली, एकेक करून, खालपासून वर. "बरं. सोमवारी सातला उघडायचाय, म्हणजे सहाला उठणं आलं."

मग दार पुन्हा उघडून तिने आत डोकं घातलं आणि ओरडली, "कर्टिस! सोमवारी वेळेवर. आणि आधी बाहेर ये, गाडी ढकलायची आहे."